दहावीनंतर कॉलेज की आयटीआय? मुंबईतल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की भांडुपला आमच्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी आईबाप मुलांना घेऊन येतात. मी ३१ वर्षं सरकारी आयटीआयमध्ये विजेच्या ट्रेडचा शिल्प निदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा शिक्षक होतो. निवृत्त झाल्यावर ही बैठक सुरू केली. दरवर्षी तेच प्रश्न येतात आणि दरवर्षी तितक्याच काळजीने विचारले जातात. ज्यांना इथवर येणं जमत नाही त्यांच्यासाठी उत्तरं लिहून काढली आहेत.

सर, सरळ सांगा. पैसे कशात जास्त, पदवीत की हातकामात?

सगळ्या पदवीधरांच्या कमाईची सरासरी काढली तर ती कारागिरांच्या सरासरीपेक्षा वर भरते. पण त्या सरासरीत डॉक्टर आहे, सीए आहे, बँकेतला अधिकारी आहे, आणि तीनदा एटीकेटी लागून कसाबसा बीकॉम झालेला, मालाडच्या बॅक ऑफिसात रात्रपाळी करणारा पोरगाही आहे. तुमच्या मुलाच्या वाट्याला सरासरी येत नाही. त्याच्या वाट्याला येतं एक ठरावीक कॉलेज, एक ठरावीक शाखा आणि त्याची स्वतःची ओढ.

म्हणून मी पालकांना वेगळंच विचारतो. तीन वर्षांनी हा मुलगा समोरच्या माणसाला काय करून दाखवणार? इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, मन लावून केलेलं विज्ञान किंवा कॉमर्स, यांच्याकडे उत्तर असतं. वायरमनकडे, वेल्डरकडे असतं. वर्गात न बसता, गाइड पाठ करून काढलेल्या बीकॉमकडे नसतं. अशा पदवीधराचा आणि अप्रेंटिसशिप पुरी केलेल्या इलेक्ट्रिशियनचा पहिला पगार माझ्या पाहण्यात जवळपास सारखाच निघतो. फरक पुढे पडतो. जो इलेक्ट्रिशियन दहा वर्षं नुसत्या वायरी ओढत राहतो तो तिथेच राहतो. जो फॉल्ट शोधायला शिकतो, ड्रॉइंग वाचतो, हाताखाली चार माणसं सांभाळतो, त्याचं बरं चालतं.

शिकलेले बेकार आणि अडाणी कामाला, असं पेपरात वाचलं. मग शिकवायचं तरी कशाला?

तो आकडा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालातला. २०२२ साली देशातल्या तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. आकडा खरा आहे, लोक अर्थ चुकीचा लावतात. बेरोजगार म्हणजे काम शोधतोय पण मिळत नाही असा माणूस. ज्याच्या घरची चूल त्याच्या हजेरीवर पेटते त्याला शोधत बसणं परवडत नाही. तो सकाळी नाक्यावर उभा राहतो, मिळेल ते बिगारीकाम करतो, आणि म्हणून बेकारांत मोजला जात नाही. पदवीधर थांबतो, कारण घरात बापाचा पगार येत असतो.

म्हणजे तो आकडा थांबण्याचा आहे. आणि तेच मला खुपतं. आमच्या भागात बावीसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत एकेका भरतीची वाट बघणारी मुलं मी ओळखतो. क्लासची फी घरच्यांच्या लक्षात राहते, गेलेली सहा वर्षं कोणी हिशेबात धरत नाही.

५२ टक्के पडलेत. आता आयटीआयशिवाय काय उरलं?

हे वाक्य मुलाच्या समोर बोलू नका. तो तुमच्या शेजारी बसून ऐकत असतो, आणि ऑगस्टमध्ये तेच डोक्यात घेऊन आमच्या वर्गात येतो.

फिटरच्या वर्गात सुरुवातीचे काही आठवडे काय चालतं ते सांगतो. मुलगा व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळतो आणि कानस चालवतो. आधी एक बाजू सपाट करायची, मग शेजारची बाजू तिच्याशी काटकोनात आणायची. गुन्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून तुकडा उजेडासमोर धरायचा. गुन्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेडाची बारीक रेघ दिसली की पुन्हा कानस. माप व्हर्निअरवर घ्यायचं, तो ०.०२ मिलिमीटरपर्यंत फरक दाखवतो. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतात, खांदा भरून येतो. गणितात ३८ मिळालेला मुलगा त्या रेघेपायी दोन दोन दिवस उभा राहिलेला मी बघितलाय. ८० टक्केवाला तिसऱ्या तासाला वैतागून कानस टाकून देतानाही बघितलाय. उलटंही घडतं. दहावीच्या मार्कांवरून मला हे कधीच आधी सांगता आलं नाही.

जो शिक्षा म्हणून येतो तो खाडे करतो, जर्नल दुसऱ्याचं उतरवतो आणि दोन वर्षांनी प्रमाणपत्र घेऊन डिलिव्हरीच्या बाइकवर बसतो. त्या मुलाने बीकॉम घेतलं असतं तरी हेच झालं असतं. उरलीसुरली जागा म्हणून धरलेला कुठलाही रस्ता असाच जातो.

आणखी एक. सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनची जागा ५२ टक्क्यांना सहज मिळेल असं समजू नका. मुलुंड, कुर्ला, बोरिवली, लोअर परळ इथल्या मागणीच्या ट्रेडना चांगले मार्क लागतात. पर्याय भरताना ट्रेड आणि संस्था दोन्ही नीट विचारून लावा.

सगळे ट्रेड सारखेच ना?

नाही. इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, फ्रिज-एसी हे दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर आणि कॉम्प्युटरचा कोपा एक वर्षाचे. प्रवेशाच्या यादीत मराठी नावं दिसतील, ती ओळखून ठेवा: वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, तारतंत्री वायरमन, जोडारी फिटर, कातारी टर्नर, संधाता वेल्डर.

मुंबईत राहूनच काम करायचं असेल तर शहराकडे बघून ट्रेड निवडा. कारखाने ठाणे-बेलापूर पट्ट्यात, तळोज्याला, अंबरनाथला, चाकणला गेले. टर्नर-मशिनिस्टला तिकडे जायची तयारी हवी. शहरात उरल्या त्या इमारती, आणि इमारतीला लिफ्ट, एसी, पंप, पाण्याच्या लाइनी, पॅनेल लागतात. हॉस्पिटल, हॉटेल, मेट्रो, लोकल सगळं विजेवर आणि थंड हवेवर चाललंय. माझ्याकडून शिकून गेलेल्या मुलांपैकी जी मुंबईतच टिकली ती बहुतेक याच कामांत आहेत.

आमचा भाचा कुठेही न शिकता वायरिंग करतो. मग दोन वर्षं कशाला घालवायची?

भाच्याच्या हातात सफाई असेल, ते मी नाकारत नाही. पण लालबागच्या एका चाळीतली गोष्ट ऐका. वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. ओळखीच्या मिस्त्रीने दोनदा येऊन प्लग बदलला, सॉकेट बदललं, शेवटी रबरी चप्पल घालून मशीनमधले कपडे बाहेर काढा म्हणून सांगून गेला. मग माझा एक विद्यार्थी गेला. टेस्टर खिशातच ठेवून त्याने मीटर काढला. फेज आणि न्यूट्रल बरोबर. न्यूट्रल आणि मशीनचा पत्रा यांच्यात शंभरावर व्होल्ट. म्हणजे अर्थिंग नाही. अर्थची वायर तर डोळ्यांनी दिसत होती, मोरीतल्या नळाच्या पाइपला गुंडाळलेली. पूर्वी कोणीतरी लोखंडी पाइप जमिनीत जातो म्हणून ती तिथे बांधली होती. मधल्या काळात चाळीने पाइप बदलून प्लास्टिकचे घातले, आणि त्या दिवसापासून त्या मजल्यावरच्या तीन बिऱ्हाडांचं अर्थिंग हवेत लोंबत होतं. मुलाने मीटररूमपासून नवी अर्थची वायर आणली आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारं बटण, बसवलं.

मिस्त्री मूर्ख नव्हता. त्याला वायर कुठे जोडायची ते माहीत होतं. ती का जोडायची हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ते शिकायला दोन वर्षं लागतात.

दुसरं कारण परवान्याचं. नवीन वीजजोडणीसाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि महापालिकेच्या पाण्याच्या जोडणीचं काम परवानाधारक प्लंबरमार्फत होतं. शिक्षण आणि अनुभव कागदावर दाखवता आला नाही तर भाचा आयुष्यभर दुसऱ्याच्या परवान्याखाली राबणार, आणि सहीचे पैसे दुसरा घेणार.

अप्रेंटिसशिप म्हणजे फुकट राबवून घेणं नाही का?

काही ठिकाणी तसं होतं, म्हणून कायदा माहीत असावा. १९६१ चा शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) कायदा आहे. जिथे ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत त्यांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन आयटीआय झालेल्याला महिना ७,००० रुपये, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,००० ठरवलं. मुंबईत ७,००० मध्ये पास, डबा आणि वर थोडे, एवढंच भागतं. घरून आधार लागतो हे आधीच धरून चाला.

शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार धरला जात नाही आणि शिकवणाऱ्यावर पुढे नोकरी देण्याचं बंधन नसतं. मात्र कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावरच असते. करार नोंदवलेला आहे ना, एवढं पहिल्या महिन्यात बघा. चहा आणायला आणि फायली उचलायला लावत असतील तर मुलाने गप्प बसू नये.

मुंबईचं भाग्य असं की शिकायला जागा मोठ्या आहेत: माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड, रेल्वेचे परळ, माटुंगा आणि लोअर परळचे वर्कशॉप. रेल्वेत ही निवड दहावीच्या आणि आयटीआयच्या मार्कांच्या मेरिटवर होते, आणि तिथे अप्रेंटिसशिप पुरी केलेल्यांसाठी लेव्हल एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. आयटीआयच्या मार्कांना काय विचारतंय, असं म्हणणारी मुलं इथे हात चोळत बसतात.

आयटीआय केली की शिक्षणाचं दार बंद?

हा समज किती मुलांना आडवा आला असेल! दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते, आणि मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम करता करता पदवीही होते. मी स्वतः आयटीआय, मग डिप्लोमा असाच वर आलो. माझे दोन विद्यार्थी आज इंजिनिअर आहेत. गणित कच्चं असेल तर डिप्लोमाचं ते पहिलं सेमिस्टर फार जड जातं, तेवढी पूर्वतयारी करा.

सरकारी नोकरीला पदवीच लागते ना?

लोकसेवा आयोग, बँकेतला अधिकारी, तलाठी, महापालिकेतला कारकून, इथे पदवी लागते, आणि बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची चालते. मुलाचा कल तिकडेच असेल तर त्याला कॉलेजलाच पाठवा, उगाच आयटीआयचा आग्रह धरू नका.

पण उलट बाजूही बघा. रोज ज्या लोकलने जाता तिच्या मोटरमनचा रस्ता सहायक लोको पायलटच्या भरतीपासून सुरू होतो. त्या भरतीला दहावी आणि ठरावीक ट्रेडची आयटीआय लागते, नाहीतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री. बीकॉम, बीए, बीएमएसवाल्याला तो अर्जच भरता येत नाही.

आमच्या घरात अजून कोणी पदवीधर नाही. पोराने तरी व्हावं, ही इच्छा चूक आहे का?

अजिबात नाही. या प्रश्नावर मी घाईने बोलत नाही.

आपल्याकडे हातकाम म्हणजे नुसतं काम कधीच नव्हतं, त्याला जात चिकटलेली होती. सुताराचा सुतार, लोहाराचा लोहार, चांभाराचा चांभार, आणि ज्यांच्या वाट्याला गावाची घाण आली त्यांच्या पोरांना तीच. पदवी हे त्यातून बाहेर पडायचं दार होतं. परळच्या बीआयटी चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, आणि तिथल्या सकाळच्या वर्गांमुळे नोकरी करणाऱ्या कितीतरी माणसांना पदवी घेता आली. ज्या घरात त्या पदवीचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलेला असतो त्या घराला, आता पोराला प्लंबिंग शिकवा, असं सांगायचा अधिकार मला नाही. तसा उपदेश करणाऱ्यांची स्वतःची मुलं बहुधा इंजिनिअरिंगच्या क्लासला गेलेली असतात, हेही मी बघतो.

म्हणून अशा घरांना मी एवढंच सांगतो की पदवी घ्यायची तर भक्कम घ्या. मुलगा पहिल्या वर्षापासून वर्गात बसतो का, इंग्रजी आणि कॉम्प्युटर पक्कं करतो का, शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरला का, हे बघा. आणि मुलाला यंत्रांचीच ओढ असेल तर आयटीआय, डिप्लोमा, डिग्री या जिन्याने गेलं तरी भिंतीवर लावायला पदवी मिळतेच, शिवाय मधल्या प्रत्येक पायरीवर पोट भरतं.

हातात हुन्नर असला की माणूस उपाशी राहत नाही, हे तर खरं ना?

हे मला पुरतं पटत नाही, आणि त्याचं कारण घरचं आहे.

माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते. चार साचे एकाच वेळी सांभाळायचे. खात्यात इतका आवाज की माणसं ओठांवरून बोलणं ओळखायची, पण कुठल्या साच्यावर धागा तुटलाय हे वडिलांना पाठमोरं असताना कळायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा दहावीला होतो. त्यांची गिरणी पुन्हा नीट चाललीच नाही. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जाऊ लागलं, कमी मजुरीत. वडिलांचा तो कान, ती बोटं घ्यायला कोणी तयार नव्हतं. मुलुंडला एका सोसायटीत ते वॉचमन म्हणून बसले आणि शेवटपर्यंत तिथेच होते. मला आयटीआयला घातलं ते लवकर कमावता व्हावा म्हणून.

त्यांचं हुन्नर कमी नव्हतं, ते एकाच यंत्राला बांधलेलं होतं. म्हणून मुलांना सांगतो की ज्या कामाला एकच गिऱ्हाईक आहे त्यात अडकू नका, आणि शिकणं थांबवू नका. जुन्या एसीत आर-२२ वायू असायचा, नव्यांत आर-३२ असतो. तो थोडा पेट घेणारा आहे, त्याची हाताळणी वेगळी. वर इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर आणि त्याचं कार्ड. वीस वर्षांपूर्वी शिकलेला एसी मेकॅनिक त्याच शिदोरीवर बसला असेल तर आज त्याला अर्धी कामं परत पाठवावी लागतात.

मुलीला आयटीआयला घालायचं म्हणजे शिवणकामच का?

का म्हणून? दादरला मुलींची स्वतंत्र सरकारी आयटीआय आहे, आणि बाकीच्या आयटीआयमध्येही मुली इलेक्ट्रिशियन, फिटर, इलेक्ट्रॉनिक्स घेतात. माझ्या वर्गातल्या मुलींची पॅनेल वायरिंग मुलांपेक्षा नीट असायची, पण वर्गाबाहेर अडचणी खऱ्या आहेत. साइटवर संडास नसतो आणि ठेकेदार मुलींना घ्यायला बिचकतात. म्हणून त्यांना मी आधी रेल्वे, मेट्रो, डॉक, मोठं हॉस्पिटल अशा ठिकाणी अर्ज करायला लावतो. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या, आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत घेऊन सीएसएमटीला आल्या. मुलींच्या आयांना मी हे नाव आवर्जून सांगतो.

कारागीर मुलाला मुलगी कोण देणार?

हा प्रश्न आया हळू आवाजात विचारतात. अडचण आहे, खोटं कशाला बोलू. स्थळ सांगताना ग्रॅज्युएट हा शब्द अजून चालतो. पण स्वतःचं घर भाड्याने का होईना घेतलेला, पीएफ कापला जाणारा मुलगा अडून राहिल्याचं मी पाहिलेलं नाही.

या कामात अंग मोडतं, जीव जातो, त्याचं काय?

भीती रास्त आहे. प्लंबरचे गुडघे आणि वेल्डरचे डोळे पन्नाशीत बोलायला लागतात.

माझा एक विद्यार्थी अंधेरीच्या एका साइटवर दुसऱ्या मजल्याच्या पराचीवरून पडला. बेल्ट दिलेला नव्हता. कमरेचं हाड मोडलं. हॉस्पिटलात मी ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, हा पोरगा माझ्या हजेरीवरच नाही. चार महिने काम केलं होतं त्याने, हजेरी एका वहीत पेन्सिलने लिहिलेली, ती वही पुन्हा दिसली नाही. तो मुलगा आता बसून करायची पॅनेलची कामं करतो. वर्गात मी त्याला व्होल्टेज शिकवलं, बेल्टशिवाय चढायला नाही म्हण हेही शिकवलं. पण हजेरीचा कागद मागायला शिकवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आता पहिल्या दिवशीच तीन गोष्टी मागायला सांगतो. हजेरीचा लेखी पुरावा, मोबाइलवरचा मेसेज का असेना. पगार २१,००० पर्यंत असेल आणि आस्थापना कामगार विमा कायद्याखाली येत असेल तर त्या विम्याचा, म्हणजे ईएसआयसीचा नंबर. आणि पीएफचा नंबर. बांधकामावर वर्षात ९० दिवस भरले असतील तर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करा. नाही म्हणणाऱ्या ठेकेदाराकडे काम करावं लागलं तर किमान घरच्यांना साइटचा पत्ता आणि मुकादमाचं नाव सांगून जा.

आखातात पाठवू का? एजंट दीड लाख मागतोय.

थांबा. परदेशी नोकरीसाठी एजंट भारत सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, १९८३ च्या कायद्याने. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो, असं म्हणणाऱ्याच्या समोरून उठून या. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआरचा शिक्का असतो आणि त्याला ठरावीक देशांत कामासाठी जाताना सरकारी परवानगी घ्यावी लागते. आयटीआय असली तरी दहावी सोडवून घ्या असं मी म्हणतो ते यासाठीही. करार समजेल त्या भाषेत वाचून घ्या, पगार कुठल्या चलनात, राहणं-जेवण कोणाचं ते बघा.

स्वतःचं काम सुरू करायला कर्ज मिळतं का?

सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचं साहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने तारणाशिवाय आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. सुतार, गवंडी, शिंपी, न्हावी, कुलूपवाले असे १८ पारंपरिक व्यवसाय तिच्यात येतात. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर येत नाहीत, तिथे नाहक खेटे घालू नका. त्यांनी मुद्रा कर्जासाठी बँकेत विचारावं. निदान तीन-चार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढल्याशिवाय स्वतःचं बस्तान मांडू नये, असं माझं मत आहे. काम येणं वेगळं आणि अंदाजपत्रक काढणं वेगळं.

स्टेशनबाहेर तीन महिन्यांत नोकरीची हमी देणारे कोर्स कसे असतात?

काही बरे असतात. हमी लेखी मागा, शिकून गेलेल्या दोन मुलांशी बोला, कार्यशाळेत हत्यारं वापरून झिजलेली आहेत की डब्यात कोरी आहेत ते बघा. खासगी आयटीआय असेल तर त्या ट्रेडला केंद्र सरकारची मान्यता (पूर्वी तिला एनसीव्हीटीची म्हणत) आहे का ते विचारा. मान्यता संस्थेला नाही, ट्रेडच्या तुकडीला असते.

मुलगा दुसऱ्या वर्षाच्या बीकॉमला अडकलाय. आता आयटीआय म्हणजे मागे जाणं ना?

माझ्या वर्गात एकविशीतली मुलं दरवर्षी असायची आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यात मन लावून काम करायची. विषय थोडेच राहिले असतील तर आधी ते सोडवून पदवी हातात घ्या, ती टाकून देण्यात अर्थ नाही. मग ट्रेड. हिशेब येणारा एसी मेकॅनिक पुढे स्वतःची बिलं, जीएसटी, निविदा सगळं स्वतः सांभाळतो.

अर्जाला काय काय लागतं?

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवासाचा दाखला. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर. अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. तहसीलदार कचेरीत निकालानंतर रांगा लागतात, त्यामुळे दाखल्यांचं काम निकालाआधीच उरका. गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आजच बघा. दरवर्षी दोन-तीन मुलांची घालमेल याच एका गोष्टीने होते.

बैठक संध्याकाळी ७ ते ९, रविवारी बंद. येताना मुलाला किंवा मुलीला घेऊन या. पहिली दहा मिनिटं मी त्यांच्याशीच बोलतो, तोवर तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.